शिडी येईल, साहेब कधी येणार?

संपादक महोदय,


महापालिकेच्या नव्या अर्थसंकल्पात अग्निशमन दलासाठी उंच शिडीच्या वाहनाची तरतूद झाल्याची बातमी आपण ठळक छापली. त्याच बातमीच्या शेपटाला असेही होते की, मुख्य अग्निशमन अधिकारीपदाचा अतिरिक्त कार्यभार पुढील आदेशापर्यंत आहे त्याच अधिकाऱ्याकडे राहील. दुसरी ओळ बहुतेकांनी वाचली नसेल. नोकरीभर पालिकांच्या लेखा विभागात आकडे जुळवत बसलेल्या माझ्यासारख्याला मात्र तीच खरी बातमी वाटली.

शिडी भांडवली खर्चात बसते. तिला अनुदान मिळते, तिची निविदा निघते, आल्यावर नारळ फुटतो. माणूस महसुली खर्चात बसतो आणि त्याला दरवर्षी, दरमहा पगार द्यावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी पाच हजार कोटींची योजना आणली. चांगलेच झाले. पण अशा पैशातून स्थानके आणि साधने उभी राहतात. त्या स्थानकात रात्री तीन वाजता जागा असणारा माणूस पालिकेलाच पोसायचा असतो. एका बंबावर चालक, तांडेल आणि फायरमन मिळून सहा माणसे धरली, तर तीन पाळ्यांना अठरा लागतात. साप्ताहिक सुट्ट्या, रजा आणि आजारपण मोजले की आकडा चोवीसच्या आसपास जातो. म्हणजे नवे वाहन घेण्याचा ठराव हा चोवीस माणसे नेमण्याचाही ठराव असायला हवा. तसा तो मी कधी पाहिलेला नाही.

यावर प्रशासनाचे उत्तर ठरलेले आहे: आस्थापना खर्च पस्तीस टक्क्यांच्या वर गेला की शासन भरतीला परवानगी देत नाही. मर्यादा खरी आहे आणि तिच्यामागचा हेतूही रास्त आहे. पालिका म्हणजे नुसती पगार वाटणारी कचेरी होऊ नये, हे मलाही पटते. पण रस्त्याच्या कामात पगार हा वरखर्च असतो, अग्निशमनात माणूस हीच सेवा असते. आवक-जावक लिपिक आणि धुरात शिरणारा विमोचक यांना एकाच टक्केवारीत मोजण्यात कसला हिशेब आहे? शिवाय मुख्य अधिकाऱ्यासारखी वरची रिक्त पदे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. त्यांचा वर्षाचा पगार शिडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. तरीही ती पदे रिकामी ठेवली की अंदाजपत्रकात ‘बचत’ दिसते आणि डिसेंबर-जानेवारीत सुधारित अंदाज करताना ती रक्कम अलगद दुसऱ्या लेखाशीर्षाकडे वळते. अशा पुनर्विनियोजनाच्या टिपण्या मी स्वतः लिहिल्या आहेत. नियमात सगळे बसते.

दुसरे उत्तर जास्त गंभीर आहे: पात्र उमेदवारच मिळत नाही. खरे आहे, पण का मिळत नाही? वरच्या पदांसाठी नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचे किंवा तत्सम अभ्यासक्रम लागतात. ते काही आठवड्यांत उरकत नाहीत. अग्निशमन केंद्राच्या अधिकाऱ्याला नागपूरला पाठवायचे तर त्याची पाळी सांभाळायला दुसरा हवा. दुसरा नाही, म्हणून पहिल्याला सोडत नाहीत. सोडत नाहीत, म्हणून तो पात्र होत नाही. पात्र नाही, म्हणून पदोन्नती समितीपुढे नावच जात नाही आणि पद ‘प्रभारी’ राहते. या चक्रात कुणी एक दोषी नाही, त्यामुळे जाब विचारायचा कुणाला हेही कळत नाही.

प्रभारी अधिकारी कामात कमी पडतो असे माझे म्हणणे नाही. उलट अनेक जण दुप्पट राबतात. अडचण त्यांच्या खुर्चीची आहे. अर्थसंकल्पाच्या बैठकीत पाणीपुरवठ्याचा मुख्य अभियंता हट्टाने तरतूद ओढून नेतो. प्रभारी अधिकारी मागणी वाचून दाखवतो आणि गप्प बसतो, कारण उद्या कार्यभार काढून घ्यायला एक कागद पुरतो. श्वसनसंच जुने झालेत, प्रशिक्षणाचे पैसे वळवू नका, माझ्याकडे माणसे नसताना वाहन घेऊ नका, हे ठणकावून सांगायला कायम नेमणूक लागते. यंदा शिडीऐवजी माणसे द्या, असे म्हणणारा त्या बैठकीत कुणी नव्हता, म्हणून अर्थसंकल्पात शिडी आली.

यात कायद्याचाही भाग आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. त्याखाली इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रपत्र ‘ब’ द्यायचे असते. ते तपासणार कोण? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये दहा अर्भके गेली, तेव्हा राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला रुग्णालयांचे अतिदक्षता विभाग जळाले. आदेश काढणे सोपे असते. तपासणीच्या फायली, ना-हरकत दाखले, न्यायालयाच्या तारखा आणि वर्दीवर धावणे हे सगळे एकाच टेबलावर आले की फायलीवर नुसती सही होते.

आणि अग्निशमन प्रमुखाचे काम खुर्चीत बसून करायचेही नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासला लागलेल्या आगीत मुंबई दलाने चार अधिकारी गमावले. संजय राणे व महेंद्र देसाई इमारत कोसळली तेव्हाच गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि सुधीर अमीन यांनी पुढे रुग्णालयात प्राण सोडले. इतक्या मोठ्या आघातानंतरही त्या दलात जबाबदारी उचलणारी मागची फळी होती. आमच्या शहरात एक प्रभारी आहे आणि त्याच्या खाली थेट केंद्र अधिकारी. मधल्या पायऱ्या आकृतिबंधात आहेत, प्रत्यक्षात नाहीत. एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताहात पदाधिकारी छातीला छोटा झेंडा लावून फोटो काढतात, तेव्हा यांपैकी कुणी रिक्त पदांचा तक्ता मागवला आहे का, असा प्रश्न मला दरवर्षी पडतो.

स्थायी समितीची सभा अजून व्हायची आहे. मालमत्ता कराच्या बिलात आम्ही अग्निशमन कर भरतो, बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन शुल्क निराळे घेतले जाते. ही सगळी जमा आणि दलावरचा प्रत्यक्ष खर्च अर्थसंकल्पाच्या एकाच पानावर समोरासमोर छापावा. मुख्य आणि उपमुख्य अधिकाऱ्यांच्या पदांची जाहिरात याच तिमाहीत काढावी. तोवर प्रतिनियुक्तीवर अधिकारी मागवावा, पण मुदत लिहून. नागपूरच्या पुढच्या तुकडीसाठी निदान दोघांची नावे पाठवावीत आणि त्यांच्या पाळीसाठी हंगामी माणसांची तरतूद त्याच ठरावात करावी. पस्तीस टक्क्यांतून अग्निशमन सेवा वगळण्याचा प्रस्ताव नगरविकास विभागाकडे धाडावा. नाकारला गेला तर तसे लेखी घ्यावे. शिडीची निविदा हे सारे मंजूर होईपर्यंत थांबवली तरी चालेल. ती चालवणारे आज दलात नाहीतच.

आपला,
एक निवृत्त लेखाधिकारी