पहिला अल्बम पहिला ऐकू नका!

मित्रमैत्रिणींनो (आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडमनो!), आधीच सांगून टाकते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. पण विषयच असा आहे की गप्प बसवत नाही.

परवा फर्स्ट इयरची एक मुलगी रूमवर आली. म्हणाली, "ताई, नाइटविश ऐकायचंय. सगळे म्हणतात पहिल्या अल्बमपासून लाइनीत ऐक. कुठून सुरू करू?" मी तिला खुर्ची दिली आणि म्हटलं, "काहीही कर, पण पहिल्यापासून सुरू करू नकोस!" ती बिचारी गोंधळली. तिला जे समजावलं तेच इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नाइटविश हा फिनलंडमधल्या किटे नावाच्या लहानशा गावातला बँड. १९९६ मध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या तुओमास होलोपाइनेनने तो सुरू केला. सोबत गिटारला एम्पू वुओरिनेन आणि गायला तार्या तुरुनेन. तार्याचं शिक्षण शास्त्रीय गाण्याचं, म्हणजे ऑपेराच्या वळणाचं. मेटलच्या जाड गिटार, धडधडणारे ड्रम्स आणि त्यावर हा आवाज, शिवाय कॉयर आणि व्हायोलिनं. याला म्हणतात सिम्फॉनिक मेटल. १९९७ पासून २०२४ च्या 'यस्टरविंड'पर्यंत त्यांचे दहा स्टुडिओ अल्बम झालेत आणि तीन मुख्य गायिका. त्यामुळे नवा माणूस दारातच अडतो.

आता माझा गुन्हा कबूल करते. फर्स्ट इयरला माझी रूममेट सांगलीची. गांधर्वच्या परीक्षा दिलेली, नाट्यसंगीत गाणारी. एकदा तिने सहज विचारलं, "दिवसभर काय ऐकतेस गं?" मी म्हणजे इंजिनिअर! आधी पाया, मग मजले. ऐटीत तिच्या कानात १९९७ चा 'एंजल्स फॉल फर्स्ट' घातला. तिसऱ्या गाण्याला तिने हेडफोन काढून शांतपणे टेबलावर ठेवला. म्हणाली, "छान आहे." हे 'छान' कसलं ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. आणि मी काय म्हटलं असेल? "जाऊ दे, तुला नाही कळायचं."

त्यानंतर आठ महिने तिने मला गाण्याबद्दल काही विचारलं नाही. एका खोलीत दोघी, दोन हेडफोन, मध्ये भिंत नसून भिंत.

चूक तिच्या कानाची नव्हती, माझ्या क्रमाची होती. पहिला अल्बम मुळात डेमो म्हणून रेकॉर्ड झालेला. बँडकडे तेव्हा बेस वाजवणाराही नव्हता, बेस गिटारिस्टनेच वाजवला. काही गाण्यांत तुओमास स्वतः गातो, आणि गाणं हे काही त्याचं काम नव्हे! तो अल्बम म्हणजे वयात येणाऱ्या मुलाची वही. ज्याचं आधीच प्रेम बसलंय त्याला ती गोड वाटते. अनोळखी माणसाने ती का वाचावी?

मग कुठून? माझं मत ठाम आहे: 'वन्स', २००४. माझ्या जन्माआधीचा अल्बम, पण सुरुवात तिथूनच करा.

एक तर या प्रकाराला 'सिम्फॉनिक' का म्हणतात ते इथे कानाला कळतं. आधीच्या अल्बममध्ये बहुतेक काम कीबोर्ड करायचा. २००२ च्या 'सेंच्युरी चाइल्ड'मध्ये पूर्ण ऑर्केस्ट्रा आला, तोही काही गाण्यांपुरता. 'वन्स'साठी ते थेट लंडनला गेले, आणि अकरापैकी नऊ गाण्यांत ऑर्केस्ट्रा आणला. शाळेत ख्रिसमसच्या आधी आमची कॉयर प्रॅक्टिस असायची. एक आवाज खाली धरतो, दुसरा वर चढतो आणि अंगावर काटा येतो. 'घोस्ट लव्ह स्कोअर'च्या दहा मिनिटांत मला तो काटा परत भेटला.

दुसरं म्हणजे या अल्बममध्ये सगळ्यांसाठी काहीतरी आहे. 'नीमो' साधं, लक्षात राहणारं गाणं. 'विश आय हॅड अॅन एंजल' नाचायला लावणारं. 'क्रीक मेरीज ब्लड'मध्ये अमेरिकेतल्या मूलनिवासींची बासरी आणि लाकोटा भाषेतले बोल. एक आख्खं गाणं तर फिनिश भाषेत. कुठल्या गाण्यावर तुमची मान हलते ते बघा. पुढे कुठे वळायचं ते त्यावरून कळेल.

आणि तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'वन्स' हा तार्याचा बँडमधला शेवटचा स्टुडिओ अल्बम. ऑक्टोबर २००५ मध्ये हेलसिंकीच्या मोठ्या कॉन्सर्टनंतर बाकीच्यांनी तिला पत्र देऊन काढलं. पुढे अनेट ओल्झोन आली, २०१२ मध्ये तीही गेली आणि नेदरलँड्सची फ्लोर यान्सेन आली. त्यावरून फॅन लोक अजून भांडतात. तार्यावाले म्हणतात, २००५ नंतर बँड संपला. नवे म्हणतात, फ्लोरच खरी. नव्या माणसाला या भांडणात ओढायचं कशाला? 'वन्स' नेमका उंबरठ्यावर आहे. मागे जा, तार्याची वर्षं आहेत. पुढे जा, बाकी दोघी आहेत. आधी दोन्हीकडे डोकावा, मग हवं तर पार्टी निवडा!

काही जण म्हणतील, 'वन्स' फार चकचकीत, बाजारू आहे. असेल. पण पाहुण्याला पहिल्या दिवशी आपण मेसची डाळ वाढतो का? दुसरे म्हणतील, २०१३ च्या वाकेन फेस्टिव्हलमधलं फ्लोरचं 'घोस्ट लव्ह स्कोअर' दाखव, काम झालं. ते थोर आहे, मान्य. पण त्यात बहुतेक जण फक्त शेवटचे वरचे सूर ऐकून टाळ्या वाजवतात, सर्कशीतल्या उडीला वाजवाव्यात तशा. त्या सुरांच्या आधीची नऊ मिनिटं कुणी ऐकली?

हे मला शिकवलं माझ्या रूममेटनेच. सेकंड सेमला सबमिशनच्या आदल्या रात्री आम्ही ईडीच्या शीटची जीटी मारत होतो (सर, फक्त एकच शीट!). काचेखाली दिवा, दोघींचे हात अडकलेले, म्हणून मी स्पीकरवर 'वन्स' लावला. बँडचं नाव सांगितलं नाही. 'घोस्ट लव्ह स्कोअर' आलं आणि हिची पेन्सिल थांबली. "ही कोण गं?" मी सांगितलं. म्हणाली, "ही मींड घेत नाही, पण आवाज कसा लावलाय बघ. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय दिसतेय. आमच्या नाटकवाल्यांसारखी." इतकी वर्षं मी तार्याला ऐकत होते, हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि जिला 'तुला नाही कळायचं' म्हटलं, तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं!

तर माझा क्रम असा. 'वन्स' आख्खा, दोनदा, हेडफोनवर. मोबाइलच्या स्पीकरवर ऑर्केस्ट्रा म्हणजे नुसता कुकर वाटतो. वेग आणि तार्याचा आवाज आवडला तर मागे १९९८ चा 'ओशनबॉर्न'. ऑर्केस्ट्रा आवडला तर पुढे २००७ चा 'डार्क पॅशन प्ले', अनेटचा पहिला. सिनेमाचं बॅकग्राउंड म्युझिक आवडत असेल तर २०११ चा 'इमॅजिनेरम', त्यावर सिनेमाही निघालाय. सायन्सवाल्यांनी २०१५ चा 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल' सोडू नये. नाव डार्विनच्या पुस्तकातून घेतलंय, रिचर्ड डॉकिन्सचा आवाज आहे आणि शेवटचं गाणं चोवीस मिनिटांचं! 'एंजल्स फॉल फर्स्ट' अगदी शेवटी, घरच्यासारखं वाटायला लागल्यावर.

आणि पारखलेल्या कानांच्या सीनियर्सना हात जोडून विनंती. ज्युनियरने विचारलं तर परीक्षा घेऊ नका. तो आजवर काय ऐकत आलाय ते आधी विचारा. मी विचारलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते.

ता. क. : रूममेटने हा लेख वाचला. तिच्या मते 'ओशनबॉर्न' हाच सर्वात भारी, आणि माझं सगळं चुकलंय. रोज रात्री जेवणानंतर वाद चालू असतो. ज्यांना भाग घ्यायचाय त्यांनी 'वन्स' ऐकून यावं!