तार पंचायतीत, मोबाईल कुणाच्या हातात?

मुलीला इंजिनीअरिंगला घालायचं म्हटलं की हमखास सल्ला मिळतो, ‘ई अँड टीसी घे, मेकॅनिकलसारखे हात काळे होत नाहीत.’ कारण अगदीच तकलादू, विषय मात्र मोठा! भूस्थिर उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. आपला आवाज तिथं जाऊन खाली यायला पाव सेकंद घेतो. शिवाय काचेच्या तारेत जेवढं मावतं, तेवढं त्यात मावत नाही. म्हणून परदेशातल्या लेकीशी आपण बोलतो ते बहुतेक समुद्राखालच्या केबलमधूनच. अशा काही केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये ही वाट दाखवली, नोबेल मिळालं २००९ ला.

२०११ मध्ये केंद्रानं अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ही तार न्यायचं ठरवलं. तेच भारतनेट. पण पुढं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) स्वतः वापरायचा मोबाईल होता फक्त ५४ टक्के स्त्रियांकडे. इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बायका ३३. बचत गटात नंबर विचारला की बाई नवऱ्याचा नाहीतर मुलाचा देते. खातं तिचं, ओटीपी त्याच्या फोनवर!

ई अँड टीसीच्या मुलींनी शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला आपल्याच गावची पंचायत घ्यावी. तिथली पेटी चालू आहे का, वीज किती तास असते, किती जणींकडे स्वतःचा फोन आहे, सगळं बघावं. आणि कॉलेजांनी त्याला मार्क द्यावेत.