जुन्या फडताळातून : चोरानेच लिहिलेला पंचनामा



गेल्या अंकात आपण नाशिकच्या हिऱ्याची गोष्ट वाचली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि त्र्यंबकेश्वराच्या देवळातला म्हणून ओळखला जाणारा तो हिरा ‘दख्खनच्या लुटी’त जमा होऊन लंडनच्या जवाहिऱ्याकडे पोहोचला. त्या काळी यात चोरी झाली असं घेणाऱ्यांपैकी कुणालाच वाटलं नाही. जिंकलेल्या सैन्याने खजिना हुडकायचा, तो विकायचा आणि आलेला पैसा हुद्द्याप्रमाणे वाटून घ्यायचा, हे सगळं कायदेशीर होतं. त्या वाट्याला इंग्रजीत ‘प्राइझ मनी’ म्हणत. नाव अगदी शाळेच्या बक्षीस समारंभात शोभेल असं!

ते वाचून आपल्या मंडळातल्या एका कॉलेजकुमाराने मला विचारलं, “काकू, जिंकलेल्या सैन्याने लुटीचा माल शोधून काढला आणि ज्याचा त्याला परत केला, असं कधी झालंय का हो?”

प्रश्न मला फार आवडला. झालंय, पूर्णपणे नाही, पण बऱ्याच प्रमाणात. त्यासाठी आपल्याला १९४५ च्या युरोपात जावं लागेल.

हिटलरच्या राजवटीने युरोपभर जी लूट केली, ती सैनिकांनी जाता जाता हात मारण्यातली नव्हती. तिच्यासाठी खाती होती, कारकून होते, शिक्के आणि नोंदवह्या होत्या. हिटलरला ऑस्ट्रियातल्या लिन्झ शहरात एक भव्य संग्रहालय उभारायचं होतं. गोअरिंगला स्वतःच्या महालाच्या भिंती सजवायच्या होत्या. ज्यू कुटुंबांना घरातून हाकलायचं किंवा छळछावणीत धाडायचं आणि मागे राहिलेली चित्रं, गालिचे, पियानो, पुस्तकं मोजून खोक्यांत भरायची, असा तो पद्धतशीर कारभार होता.

दोस्तराष्ट्रांनी १९४३ मध्ये सैन्यात एक वेगळा विभाग काढला. लढाईत जुन्या वास्तू आणि कलावस्तू वाचवायच्या आणि चोरीला गेलेल्या हुडकायच्या, हे त्याचं काम. पुढे या विभागात सुमारे साडेतीनशे स्त्री-पुरुषांनी काम केलं, पण लढाई चालू असताना आघाडीवर होते अगदी मोजके. संग्रहालयांत काम करणारे, वास्तुविशारद, प्राध्यापक अशी ही माणसं, बरीचशी चाळिशीच्या आसपासची. यांच्यावर २०१४ मध्ये जॉर्ज क्लूनीने सिनेमा काढला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. सिनेमात गंमत बरीच आहे. प्रत्यक्षात या लोकांना कित्येकदा साधी जीपसुद्धा मिळत नसे. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये जागा मागत फिरायचे. आणि काम बिनधोक मुळीच नव्हतं. केंब्रिजचा इतिहासतज्ज्ञ मेजर रोनाल्ड बाल्फोर मार्च १९४५ मध्ये जर्मनीतल्या क्लेव्ह गावी मारला गेला, आणि पुढच्याच महिन्यात वॉल्टर हुख्टहाउझेन हा अमेरिकन कॅप्टन.

पण युरोप एवढा मोठा. किल्ले, मठ, खाणी, तळघरं. शोधायचं कुठे? याचं उत्तर ज्या व्यक्तीपाशी होतं ती सैनिक नव्हती.

पॅरिसमध्ये ‘ज्यू द पोम’ नावाचं एक छोटं संग्रहालय आहे. जर्मनांनी १९४० मध्ये ते ताब्यात घेतलं आणि फ्रान्समधल्या ज्यू कुटुंबांकडून लुटलेल्या कलावस्तूंचं कोठार केलं. गोअरिंग तिथे वीसेक वेळा येऊन गेला, जणू साड्यांच्या दुकानात आल्यासारखा. हे बाजूला काढा, ते पॅक करा. तिथे जुन्या कर्मचाऱ्यांपैकी एक बाई टिकून राहिली होती. रोज व्हालाँ. चाळिशी ओलांडलेली, साधे कपडे, चष्मा, कुणाच्या नजरेत न भरणारी. तिला जर्मन येतं, हे जर्मनांना ठाऊकच नव्हतं.

चार वर्षं ती ऐकत राहिली. कुठल्या घरातली चित्रं आली, कुठल्या खोक्यात गेली, खोक्यावर काय खूण आहे, गाडी कुठे निघाली. दिवसभर ऐकायचं आणि नंतर लिहून ठेवायचं. कचऱ्याच्या टोपलीतले कार्बन कागद उचलायची, फोटोंच्या काचा रात्री नेऊन त्यांच्या प्रती करून सकाळी जागेवर ठेवायची. अनेकदा तिच्यावर संशय आला, तिला हाकललं गेलं, ती पुन्हा कामावर हजर. पकडली गेली असती तर सरळ गोळी. मला या बाईचं धैर्य रणांगणावरच्या शौर्यापेक्षा कमी वाटत नाही. तिथे निदान सोबत असते; इथे रोज सकाळी एकटीने मख्ख चेहऱ्याने कामावर जायचं होतं.

ऑगस्ट १९४४ मध्ये, पॅरिस हातचं जाणार असं दिसताच जर्मनांनी १४८ खोकी आगगाडीत भरली. व्हालाँने त्याची खबर फ्रेंच प्रतिकार चळवळीकडे पोहोचवली. रेल्वे कामगारांनी मग जी दिरंगाई केली, तिला तोड नाही. आज इंजिन बिघडलं, उद्या रूळ मोकळा नाही. गाडी पॅरिसच्या उपनगरात रखडली ती रखडलीच. शेवटी फ्रेंच सैन्याची तुकडी तिथे पोहोचली. तुकडीचा तरुण अधिकारी होता आलेक्सांद्र रोझेनबेर्ग, पॅरिसच्या एका नामांकित ज्यू चित्रव्यापाऱ्याचा मुलगा. त्याने डबे उघडले, आणि आत त्याच्या आईवडिलांच्या घरातल्या भिंतींवरची चित्रं निघाली.

पॅरिस मुक्त झाल्यावर अमेरिकन अधिकारी जेम्स रोरिमर व्हालाँकडे खेटे घालू लागला. मूळचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला माणूस. पण बाईने लगेच तोंड उघडलं नाही. चार वर्षं जिवापाड जपलेली माहिती पहिल्या भेटीत कोण देईल? माणूस पारखून घेण्यात कित्येक महिने गेले. मग मात्र तिने सगळं त्याच्या हवाली केलं. त्यातला सर्वांत महत्त्वाचा पत्ता होता बव्हेरियातल्या नॉयश्वानश्टाइन किल्ल्याचा. डिस्नेच्या चित्रपटांत जो परीकथेतला राजवाडा दिसतो, तो याच किल्ल्यावरून सुचलेला.

मे १९४५ मध्ये रोरिमर तिथे पोहोचला. खोल्याच्या खोल्या खोक्यांनी भरलेल्या. पण त्याला सर्वांत मोठा आनंद झाला तो कपाटं पाहून. त्यांत पत्रिका होत्या. लुटलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तूंच्या, ओळीने लावलेल्या. कुणाकडून घेतली, वर्णन काय, खूण काय, सगळं त्यात. रॉथशिल्ड घराण्याच्या वस्तूंवर ‘आर’ हे अक्षर आणि पुढे आकडा, अशी एकेका कुटुंबाची खूण ठरवलेली. म्हणजे चोराने स्वतःच्या हाताने पंचनामा लिहून, फाइल लावून ठेवला होता! रोरिमरने खोल्यांना कुलपं घातली, मोहरा लावल्या आणि पहारा बसवला.

आल्टआउसेची गोष्ट याहून नाट्यमय. तिचा धागा सापडला तो एका दाढेमुळे. कॅप्टन रॉबर्ट पोझीची दाढ दुखत होती, म्हणून तो ट्रिअर गावात एका जर्मन दंतवैद्याकडे गेला. बोलता बोलता निघालं, की डॉक्टरांचे जावईही कलेतलेच! हा जावई पॅरिसमध्ये गोअरिंगसाठी काम करून आलेला होता. त्याच्याकडून कळलं, की हिटलरच्या संग्रहालयाचा माल ऑस्ट्रियाच्या डोंगरांत, आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीत आहे.

मिठाची खाण का? बॉम्ब आत पोहोचत नाहीत हे एक, आणि आतलं तापमान आणि दमटपणा वर्षभर जवळजवळ सारखा राहतो हे दुसरं. साडेसहा हजारांवर चित्रं त्या खाणीत होती. बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चचा पाचशे वर्षांपूर्वीचा चित्रपट, ब्रूज शहरातलं मायकेलअँजेलोचं संगमरवरी शिल्प, व्हर्मेरची चित्रं. शिवाय आठ मोठी खोकी, वर लिहिलेलं : सावधान, संगमरवर, पाडू नका. आत प्रत्येकी पाचशे किलोचा बॉम्ब. त्या प्रांताच्या नाझी प्रमुखाचा, आइग्रूबरचा, बेत होता की शत्रूच्या हाती काही लागू द्यायचं नाही, सगळं उडवून द्यायचं.

ते बॉम्ब मे महिन्याच्या सुरुवातीला एका रात्री खाणकामगारांनी बाहेर काढून टाकले. मग छोटे सुरुंग लावून खाणीचं तोंडच बुजवलं, म्हणजे पुन्हा कुणी आत जायला नको. पुढे ‘खाण मी वाचवली’ असं म्हणणारे बरेच जण निघाले. यशाला बाप पुष्कळ. पण कामगारांचं गणित सोपं होतं असं मला वाटतं. त्या खाणीत त्यांच्या बापजाद्यांची हयात गेली होती. चित्रांचं मोल कळो न कळो, मीठ गेलं तर खायचं काय?

आतला माल काढायचं काम जॉर्ज स्टाउट या हार्वर्डच्या संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाने केलं. बांधाबांधीला धड सामान नव्हतं. त्याने जर्मन सैन्याचे मेंढीच्या कातड्याचे कोट मिळवले आणि त्यांत चित्रं गुंडाळली. खाणीतल्या चिमुकल्या रेल्वेवरून माल बाहेर, तिथून ट्रकने म्यूनिकला, नाझी पक्षाच्याच जुन्या कचेरीत थाटलेल्या केंद्रात. तिथे देशवार वाटणी होऊन एकेक वस्तू परतीच्या वाटेला लागली.

आता सोन्याचं. एप्रिल १९४५ मध्ये मेर्कर्स गावच्या खाणीत जर्मनीचं राखीव सोनं सापडलं, आठ हजारांहून अधिक विटा. ते पाहायला १२ एप्रिलला जनरल आयझेनहॉवर स्वतः खाणीत उतरले. त्या विटांच्या बाजूला काही पेट्या आणि सुटकेसेस होत्या. त्यांत घड्याळं, चांदीचे चमचे, अंगठ्या आणि दातांतून काढलेलं सोनं होतं. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या माणसांचं. 

आपल्याकडे लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव आणि तारीख घालून देतात. तुमच्या आजीच्या पितळी डब्यावर पाहा, असेल. त्या सुटकेसमधल्या वस्तूंवर असं काही नव्हतं. असं कितीतरी सोनं तोवर वितळवलंही गेलं होतं. चित्राची पत्रिका सापडली की मालक सापडतो. वितळलेल्या अंगठीचा मालक कसा शोधायचा? सापडलेलं सोनं शेवटी एकत्र मोजून, ज्या ज्या देशांच्या बँका लुटल्या गेल्या होत्या त्यांना हिश्शाने वाटलं गेलं.

जिंकलेले सगळेच धुतल्या तांदळासारखे होते असंही नाही. फ्रँकफर्टजवळच्या क्रोनबेर्गच्या महालात अमेरिकन अधिकाऱ्यांचा क्लब होता. हेसच्या राजघराण्याने तळघरात पुरलेले दागिने तिथे सापडले, आणि व्यवस्था पाहणाऱ्या महिला कॅप्टननेच एक कर्नल आणि एक मेजर यांना हाताशी धरून ते लांबवले. १९४६ मध्ये घराण्यातल्या राजकन्येचं लग्न ठरलं, दागिन्यांची विचारणा झाली, तेव्हा बिंग फुटलं. (ही राजकन्या म्हणजे इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या यजमानांची बहीण.) तिघांनाही लष्करी न्यायालयाने तुरुंगात धाडलं. पण कुंपणाने शेत खायचं ते खाल्लं होतं. कोंदणातून काढून विकलेले हिरे पुन्हा सगळे थोडेच मिळतात!

रशियन सैन्याचीही कलावस्तू हुडकणारी पथकं होती. त्यांनी मात्र सापडलेला माल मॉस्को-लेनिनग्राडला नेला. आमचे राजवाडे जर्मनांनी जाळले, ही त्याची भरपाई, असं त्यांचं म्हणणं. ड्रेस्डेनची चित्रं १९५५ मध्ये परत दिली, ट्रॉयचं प्रसिद्ध सोनं अजून मॉस्कोतच आहे. भरपाईचा मुद्दा मी अगदी उडवून लावणार नाही, पण १८१८ चे इंग्रजही स्वतःला हक्कदारच समजत होते.

आणि एक प्रसंग मला मुद्दाम सांगायचाय. नोव्हेंबर १९४५ मध्ये अमेरिकन सरकारचा हुकूम आला : बर्लिनच्या संग्रहालयांची २०२ निवडक चित्रं ‘सुरक्षिततेसाठी’ अमेरिकेला पाठवा. ही चित्रं चोरीची नव्हती, जर्मनांची स्वतःची होती. वीसेक अधिकाऱ्यांनी वीसबाडेन इथे एकत्र येऊन लेखी निषेध केला. सैन्यात, गणवेशात असताना, स्वतःच्या सरकारविरुद्ध! आपण जर्मनांना ज्यासाठी शिक्षा करतोय तेच आपण करतोय, असा त्याचा अर्थ होता. चित्रं तरीही गेली. वॉशिंग्टनला चाळीस दिवसांत नऊ लाखांवर लोकांनी ती पाहिली. पण बोभाटा झाला होता, आणि १९४९ पर्यंत ती सगळी जर्मनीत परतली.

रोज व्हालाँ पुढे फ्रेंच सैन्यात कॅप्टन झाली आणि जर्मनीत जाऊन वर्षानुवर्षं शोध घेत राहिली. फ्रान्समध्ये एकूण सुमारे ६१,००० वस्तू परत आल्या, त्यांतल्या ४५,००० च्या आसपास मालकांना किंवा वारसांना मिळाल्या. उरलेल्यांपैकी बऱ्याच सरकारने विकून टाकल्या, आणि दोन हजारांवर वस्तू संग्रहालयांच्या स्वाधीन केल्या. त्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे, आणि आजही अधूनमधून एखादं चित्र कुणाच्या तरी नातवंडांकडे जातं.

तुमच्यापैकी कुणी पॅरिसला गेलात तर लूव्ह्र संग्रहालयात चित्रांखालच्या पाट्या नीट वाचा. ‘एम.एन.आर.’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा दिसला, तर ते चित्र लूव्ह्रच्या मालकीचं नाही. कुणीतरी येऊन ‘हे आमच्या घरातलं’ म्हणेपर्यंत ते तिथे नुसतं टांगून ठेवलेलं आहे.