ऐकल्याशिवाय भांडायचं नाही!

काय दोस्तांनो, झाली का दिवाळी? फराळाचे डबे रिकामे झाले असतील आणि सुटीतली भांडणंही मिटली असतील. नाही मिटली? मग आजची गोष्ट खास तुमच्यासाठीच आहे. ती एका भांडणाचीच आहे, आणि तेही गाण्यांवरून झालेल्या!

दिवाळीच्या आधी मला जऊळक्याहून एक पत्र आलं. जऊळका कुठे आहे, माहीत आहे? वाशीम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात. (नाशिककडचं मालेगाव नव्हे बरं का, हे आपलं वऱ्हाडातलं!) अकोला-पूर्णा लोहमार्गावर हे गाव आहे, म्हणून त्याला 'जऊळका रेल्वे' असंही म्हणतात. पत्र लिहिणारी मैत्रीण आठवीत शिकते. तिने लिहिलं होतं :

"काका, माझा दादा अकोल्याला कॉलेजात आहे. त्याच्यामुळे मला क्वीन या इंग्रजी बँडची गाणी आवडायला लागली. मला त्यांचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' हा अल्बम सगळ्यांत चांगला वाटतो. दादा म्हणतो, 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च सगळ्यांत भारी. यावरून आमचं वाजलं. दादा म्हणाला, तुला इंग्रजी शब्द तरी कळतात का? तेव्हापासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही. भाऊबीज जवळ आली आहे. काका, शब्द कळत नसतील तर मत द्यायचा हक्क नसतो का?"

प्रश्न साधा नाही, हं! मला वाशीमला जायचं होतंच. म्हटलं, वाटेत उतरू या.

आता तुमच्यापैकी काही जण विचारतील, कुठलं क्वीन आणि कुठलं जऊळका! तर ऐका. या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. त्याचं मूळ नाव फारुख बलसारा. तो पारशी कुटुंबातला. त्याचा जन्म 1946 साली आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटावर झाला, पण तो शिकला कुठे? आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीला! तिथल्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात तो राहायचा. तिथेच तो पियानो शिकला आणि शाळेतल्या मित्रांबरोबर त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा आपला पहिला बँडही काढला. पुढे हे कुटुंब इंग्लंडला गेलं. 1970 साली गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर फ्रेडीने क्वीन सुरू केलं. पुढच्या वर्षी बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली.

तर मी जऊळक्याला पोचलो. सोयाबीन निघून गेलेलं, शिवारात तूर उभी. घरी आजी, आई, दादा आणि आपली मैत्रीण. बहीण-भाऊ एकाच ओसरीवर, पण दोन टोकांना बसलेले! चहा झाल्यावर मी म्हटलं, "आता आपण पंचायत भरवू. पण आधी सांगा, तुम्ही दोघांनी एकमेकांचा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकला आहे का?"

दोघंही गप्प. मग दादा हळूच म्हणाला, "मोबाइलवर गाणी मागं-पुढं लागतात ना काका. जी फेमस आहेत तीच ऐकतो."

घ्या! म्हणजे पाच दिवसांचा अबोला कशावरून, तर न ऐकलेल्या गाण्यांवरून!

मी अल्बम म्हणजे काय ते समजावून सांगणार, तेवढ्यात आजीच बोलली, "भजनातबी असंच असते ना बावा. आंधी अभंग, मंग गवळण, आखरीले भैरवी. मंधातलं एखांदं उचलून थोडीच भजन होते?"

याहून चांगलं मी काय सांगणार? अल्बम म्हणजे नुसती गाण्यांची पिशवी नसते. कोणतं गाणं आधी, कोणतं नंतर, कुठे गडगडाट आणि कुठे शांतता, हे सगळं ठरवून मांडलेलं असतं. म्हणून आम्ही दोन नियम केले. एक, अल्बम सलग ऐकायचा. दोन, मधे कोणी मोबाइलला हात लावायचा नाही. आणि ज्याचा हात पुढचं गाणं लावण्यासाठी शिवशिवेल, त्याने ते नंतर प्रामाणिकपणे सांगायचं!

आधी दादाचा 'न्यूज ऑफ द वर्ल्ड', 1977 सालचा. पहिलंच गाणं 'वुई विल रॉक यू'. दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी! तुम्ही ते क्रिकेटच्या मैदानावर नक्की ऐकलं असेल. गंमत बघा, या गाण्यात ड्रम नाहीत आणि गिटार येते ती अगदी शेवटी. मग हजारो लोक पाय आपटत असल्यासारखं का वाटतं? स्टुडिओत तर मोजकीच माणसं लाकडी फळ्यांवर पाय आपटत होती. पण ब्रायन मे पडला भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याने तेच आवाज थोड्या थोड्या उशिराने पुन्हा मिसळले. हे उशीर सारख्या अंतराने ठेवले असते तर कानाला नुसता प्रतिध्वनी वाटला असता. म्हणून त्याने ही अंतरं मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवली. 2, 3, 5, 7, 11... शाळेत शिकता त्याच मूळ संख्या! मग प्रतिध्वनी वाटेना, जवळ-लांब उभी असलेली मोठी गर्दी वाटायला लागली.

दादाने छाती फुगवली. त्याच्यामागून आलं 'वुई आर द चॅम्पियन्स'. दादाची छाती आणखी फुगली. पण अकरा गाणी संपली तेव्हा तोच म्हणाला, "खरं सांगतो काका, मधल्या दोन-तीन गाण्यांना माझा हात चुळबुळत होता."

शाबास! स्वतःच्या आवडत्या गोष्टीतलं उणं दिसणं आणि ते चारचौघांत सांगणं, याला मोठं मन लागतं.

मग लागला ताईचा अल्बम, 1975 सालचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. यात बारा गाणी आहेत आणि एकासारखं दुसरं नाही. एक रागावलेलं, एक जुन्या नाटकातल्यासारखं मजेशीर, एक मित्राबद्दलचं. '39' नावाचं गाणं तर विज्ञानकथाच! अंतराळवीर वर्षभराच्या प्रवासाला जातात, पण परत येतात तेव्हा पृथ्वीवर शंभर वर्षं उलटलेली असतात. प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्याचं घड्याळ हळू चालतं, हा आइनस्टाइनचा सिद्धांत त्यात आहे. लिहिणारा अर्थात ब्रायन मे. याच ब्रायनने पुढे 2007 साली, साठीच्या घरात असताना, खगोलशास्त्रातली पीएच. डी. पूर्ण केली. त्याची गिटारही घरीच बनवलेली. ती त्याने शाळकरी वयात वडिलांच्या मदतीने तयार केली. तिच्या मानेला घरातल्या जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि आत मोटारसायकलच्या स्प्रिंगा! त्या गिटारवर तो 'गुड कंपनी' या गाण्यात असं काही वाजवतो, की अख्खं बँडपथक आल्याचा भास होतो.

आणि मग ते प्रसिद्ध गाणं, 'बोहेमियन रॅप्सडी'. जवळजवळ सहा मिनिटांचं! इतकं लांब गाणं रेडिओवर कोण लावणार, असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. त्याच्या मधल्या भागात एकदम समूहगान सुरू होतं. ते ऐकून आजी चकित झाली. म्हणाली, "किती जन हायेत हे? मले त चाळीस वाटून राह्यले."

मी म्हटलं, "आजी, फक्त तिघं!"

फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर या तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले. दिवसाला दहा-बारा तास नुसतं गाणं! टेप मशीनवरून इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला होता. कॉम्प्युटरवर एक बटण दाबून हे करायची सोय तेव्हा नव्हती.

मी आजीला विचारलं, "शब्द कळले?"

"एकबी नाही," आजी म्हणाली, "पण कोनीतरी लय घाबरलेलं हाये, अन् बाकीचे त्याच्यावर ओरडून राह्यले."

दोस्तांनो, त्या गाण्यात खरोखरच एक घाबरलेला मुलगा आहे, आणि त्याला सोडावं की धरून ठेवावं यावर आवाजांची ओढाताण चाललेली आहे! आपल्या मैत्रिणीने दादाकडे पाहिलं. दादाने ओसरीच्या फरशीकडे पाहिलं. शब्द कळले तर दुप्पट मजा येते, म्हणून ते शोधावेत, शब्दकोश उघडावा. पण शब्दांआधी सूर असतो, ताल असतो, आवाजातली भीती आणि आनंद असतो. तो ऐकायला इंग्रजीच्या पेपरात मार्क मिळवावे लागत नाहीत.

आता निकाल द्यायचा, तोच आई आत गेली आणि एक कॅसेट घेऊन आली. 'इन्युएन्डो', 1991 सालचा अल्बम. आई म्हणाली, "माझा सगळ्यांत आवडता हा."

मुलं बघतच राहिली. आईला क्वीन माहीत आहे?

आईने सांगितलं, "माझ्या दादाने आणली होती. मी तुझ्याएवढीच होते. दादाला क्वीनचे जुने अल्बम आवडायचे, मला हा. रोज भांडायचो. पुढं दादा अपघातात गेला. आता ही कॅसेट मनात येईल तेव्हा ऐकते, पण हा चांगला की तो चांगला, हे भांडायला कोणी नाही."

ओसरीवर कोणीच काही बोललं नाही. मग दादाने उठून जुना टेपरेकॉर्डर काढला. कॅसेटची टेप सैल झाली होती. ताईने पेन्सिल आणली आणि त्याने ती चाकात घालून हळूहळू फिरवली. पाच दिवसांत दोघांनी मिळून केलेलं ते पहिलं काम!

'इन्युएन्डो' बनवताना फ्रेडी एड्सने खूप आजारी होता. शेवटचं गाणं 'द शो मस्ट गो ऑन' इतक्या उंच पट्टीत आहे, की त्याला ते झेपेल का, अशी ब्रायनला काळजी होती. फ्रेडीने ते पूर्ण ताकदीने गायलं. अल्बम फेब्रुवारीत आला आणि 24 नोव्हेंबर 1991 रोजी फ्रेडी गेला. पण हे काही माहीत नसतानाही ते गाणं ऐकणाऱ्याला धरून ठेवतं. आमच्या पंचायतीत त्या वेळी एकाचाही हात चुळबुळला नाही.

तर मग जिंकलं कोण? माझं मत विचाराल तर ताईचा अल्बम. कारण सांगतो. बारा गाणी बारा तऱ्हांची असूनही ती एकाच घरातली वाटतात, आणि दहाव्यांदा ऐकतानाही काहीतरी नवं सापडतं. माझ्या मते टिकणं म्हणजे हेच. दादाच्या अल्बमातली पहिली दोन गाणी जगभर पोचली, पण पूर्ण अल्बम त्या उंचीवर राहत नाही. 'इन्युएन्डो'ला मी दुसरा नंबर देईन. पण हे माझं मत, बरं का! तुम्ही ऐका आणि खुशाल खोडून काढा.

एक कबुलीही देतो. क्वीनचा 1982 सालचा 'हॉट स्पेस' अल्बम मी कित्येक वर्षं 'वाईट' म्हणत होतो. का? तर सगळे म्हणत होते म्हणून! त्यात त्यांनी रॉक सोडून नाचाच्या संगीताची वाट धरली होती आणि बरेच चाहते नाराज झाले होते. शेवटी मी तो सलग ऐकला. आजही मला तो कच्चाच वाटतो, पण डेव्हिड बोवीबरोबरचं त्यातलं 'अंडर प्रेशर' हे गाणं लाखमोलाचं आहे. आणि एक गोष्ट समजली. दर वेळी नवं करून बघणारा कधीतरी पडणारच. ज्यांनी न घाबरता 'बोहेमियन रॅप्सडी' केलं, त्यांनीच 'हॉट स्पेस'ही केला.

दोस्तांनो, 'मला हे आवडतं' आणि 'हे चांगलं आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्याला कारण लागत नाही. आईला ती कॅसेट प्रिय आहे, विषय संपला, त्यावर कोणी वाद घालू नये. दुसऱ्या वाक्याला मात्र कारण द्यावं लागतं, आणि समोरच्याचं कारण ऐकूनही घ्यावं लागतं. आपण ही दोन वाक्यं एकमेकांत मिसळतो आणि भांडणं पेटतात. आणि आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर असं : मत द्यायचा हक्क ऐकणाऱ्याला असतो. मग तो अकोल्याच्या कॉलेजातला असो, नाहीतर जऊळक्याच्या ओसरीवरची आजी!

निघताना दादा स्टेशनपर्यंत सोडायला आला. मागे ताईही होती. गाडी येईपर्यंत दोघं भांडत होते, क्वीनचा दुसऱ्या नंबरचा अल्बम कोणता यावर! मी मधे पडलो नाही.

आता तुमचं काम. घरातल्या कोणालाही त्यांचा सगळ्यांत आवडता अल्बम विचारा. रॉक असो, भावगीतं असोत, नाहीतर भीमगीतं. त्यांच्याशेजारी बसून तो सलग ऐका, हात शिवशिवला तर प्रामाणिकपणे कबूल करा, आणि तुम्हांला काय वाटलं ते कारणांसह मला लिहून पाठवा. नुसतं 'भारी आहे' चालणार नाही, हं!