तुरुंग गेला, दंड आला

परवा भिशीत जोशीवहिनींनी विचारलं, "अहो ताई, ओढ्यात मैल्याचा टँकर ओतणाऱ्याला आता म्हणे तुरुंग नाही?" संडासाच्या टाक्या उपसणारे टँकर आमच्या गावाबाहेरच्या ओढ्यात रात्री रिकामे होतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याच ओढ्याकाठी आमच्या वॉर्डाची विहीर आहे. म्हणून म्हटलं, नीट वाचून सांगते.

मैत्रिणींनो, १९७४च्या जलप्रदूषण कायद्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी ओढा, विहीर, गटार यांत घाण सोडली तर दीड ते सहा वर्षं कैद होती. आता त्याऐवजी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड. तो भरला नाही तरच कैदेचा प्रश्न येतो. मंडळाच्या परवानगीशिवाय सांडपाणी सोडलं तर मात्र कैद कायम आहे. किरकोळ चुकांसाठी लोकांना तुरुंगाची भीती नको, असं सरकारचं म्हणणं.

खरं सांगायचं तर घाण सोडली म्हणून तुरुंगात गेलेला माणूस मी तरी पाहिला नाही. खटला वर्षानुवर्षं चालायचा. दंड लवकर झाला तर बरंच की! पण दंड ठरवणार कोण? राज्याचा असेल तर सचिव दर्जाचा अधिकारी. त्याच्याकडे तक्रार न्यायची ती प्रदूषण मंडळासारख्या यंत्रणेच्या अधिकाऱ्याने, तुम्ही-आम्ही थेट नाही. आणि सरकारी खात्याचीच चूक असेल तर? खातेप्रमुखाला एका महिन्याचा मूळ पगार दंड. बस्स! घरात दोन मुलांना कावीळ झाली की दवाखान्यात किती जातात, ते ज्या घरात झालंय त्यांना विचारा.

पाणी हा राज्यांचा विषय. त्यामुळे ही दुरुस्ती आधी हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली. बाकीच्या राज्यांत विधिमंडळाने ठराव केला की मग. मूळ कायदासुद्धा महाराष्ट्रात १९८१ साली आला. आपल्या विधिमंडळात या दुरुस्तीबद्दल कोण काय बोललं, हे मत मागायला येणाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे?

आम्ही पाचजणींनी टँकरचे नंबर, तारखा, वेळा लिहून नगरपालिकेला आणि मंडळाच्या कार्यालयाला अर्ज दिलाय. लेखी, सह्यांसकट. नगरपालिकेतला कारकून म्हणाला, "मॅडम, हे आमच्याकडे येत नाही." तरी शिक्का मारून घेतला. दोन्हीकडची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही.