गाभण म्हशीची पेंड आणि घरची सून



म्हैस विण्याला दोन महिने राहिले की तिचे दूध आटवायचे, खुराक रोज किलो-दीड किलो वाढवायचा, तिला लांब चरायला न्यायचे नाही, घसरड्या जागी बांधायचे नाही, हे आता कोणाला सांगावे लागत नाही. पूर्वी सांगावे लागे. आमच्या खात्याची माणसे त्यासाठी गावोगाव हिंडली, दूध संघांनी सांगितले, आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेतात दुधाचा फरक डोळ्यांना दिसला, म्हणून ते पटले. पोटातल्या रेडकाची वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने होते आणि ती आईच्या अंगावर होते, हे आपल्याला तोंडपाठ आहे.

त्याच घरातली सून सहा-सात महिन्यांची गरोदर असते आणि लावणीच्या चिखलात वाकून रोप लावत असते. सकाळी पाण्याच्या दोन खेपा झालेल्या असतात, दुपारी धुणे असते, आणि पंगतीत ती शेवटी बसते. ही तुलना कोणाला बोचेल. बोचू द्या. कारण गेली तीस वर्षे आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत या गोष्टीचा अभ्यास चालू आहे आणि त्याचा संबंध नुसत्या बाळंतपणाशी नाही. पोटातले मूल चाळीस-पन्नास वर्षांचे झाल्यावर त्याला मधुमेह आणि हृदयविकार होण्याशी तो आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण विषय रोपवाटिकेच्या जवळचा निघाला, म्हणून लिहिण्याचा धीर करतो.

हृदयविकार म्हणजे गादीवर बसून तूप खाणाऱ्याचा रोग, असे आपण मानत आलो. मग उन्हातान्हात राबणारा, हाडे मोजून घ्यावीत असा कोरडवाहू शेतकरी पंचेचाळिशीत छातीत कळ येऊन का जातो? वजन जेमतेम पन्नास किलो आणि रक्तात साखर, असे का होते? विडी-तंबाखू, मीठ, चिंता ही कारणे आहेतच आणि ती खोटी नाहीत. पण एक कारण त्याहून जुने आहे.

त्याचा माग पहिल्यांदा लागला इंग्लंडात, आणि तोही जुन्या वह्यांवरून. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ साली एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई सुइणींच्या कामावर देखरेख करीत. त्यांनी शिस्त लावली, की परगण्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचे वजन करायचे, वर्षाचे झाले की पुन्हा करायचे आणि वहीत मांडायचे. या वह्या पुढे कित्येक दशके पडून होत्या. सरकारी दप्तराचे नशीब सगळीकडे सारखेच. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती त्या लागल्या. १९११ ते १९३० मध्ये जन्मलेल्या साडेपाच हजारांहून अधिक पुरुषांचे पुढे काय झाले, हे त्यांनी शोधून काढले आणि १९८९ साली प्रसिद्ध केले. जन्मतः आणि वर्षाचे होताना ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे सर्वांत जास्त निघाले.

हे झाले गोऱ्या लोकांचे. आपल्याकडे म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ मेमोरियल या मिशन इस्पितळातही बाळांच्या वजनाच्या नोंदी १९३४ पासून जपलेल्या होत्या. तिथे जन्मलेल्या ५१७ स्त्री-पुरुषांची तपासणी झाली आणि निष्कर्ष १९९६ साली आले. जन्माचे वजन अडीच किलो किंवा त्याहून कमी असलेल्यांत शंभरी अकरा जणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार होता. तीन किलो शंभर ग्रॅमच्या वर असलेल्यांत शंभरी तीन जणांना.

बार्कर यांचे म्हणणे थोडक्यात असे. पोटातल्या गर्भाला रसद कमी पडली की तो आधी मेंदू वाचवतो. काटकसर होते ती मूत्रपिंड, साखर आवरणारे स्वादुपिंड, रक्तवाहिन्या यांच्या वाढीत. ही इंद्रिये ज्या महिन्यात घडायची त्याच महिन्यात घडतात. ज्वारी पोटरीत असताना पाण्याचा ताण बसला तर नंतर कितीही पाणी द्या, कणीस लहान ते लहानच राहते, तसेच हे. फरक एवढाच, की ज्वारीला नंतरचे पाणी निदान बाधत नाही. माणसाला मात्र काटकसरीत घडलेल्या शरीरावर पुढे भरपूर खाणे आणि कमी चालणे आले, की ते झेपत नाही.

आता आपल्या पुण्याकडे येऊ. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी साउदॅम्प्टनच्या मंडळींबरोबर १९९३ साली पुण्याजवळची सहा गावे निवडली. सारी शेतकऱ्यांची. कामाची पद्धत मला फार आवडली. गरोदर झाल्यावर नव्हे, आधीच गावातल्या लग्न झालेल्या बायकांची वजने-उंच्या घेऊन ठेवल्या, आणि मग दिवस राहिले की आहार, काम, रक्त, गर्भाची वाढ, सगळे क्रमाने मोजत गेले. पेरणीपूर्वी मातीपरीक्षण करावे तसे. अशी सुमारे आठशे बाळंतपणे त्यांनी नोंदवली.

आयांचे वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास होते. बाळे सरासरी पावणेतीन किलोलाही पोचली नाहीत, तर साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळे हातापायांनी बारीक, पोटातली इंद्रिये लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र विलायती बाळांच्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे दिसायला हडकुळे आणि आतून चरबीदार. स्नायू साखर जाळतात, ते कमी, आणि चरबी साखरेच्या कामात आडवी येते, ती टिकून. अंगाने बारीक माणसाला साखर का होते, याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

हीच मुले संशोधकांनी पुढे सोडली नाहीत. ती अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली आणि २०२३ साली निष्कर्ष छापले. निम्मी मुले-मुली अजून कमी वजनाचीच होती, आणि तरीही मुलग्यांपैकी शंभरी सदतीस व मुलींपैकी शंभरी अठरा जणांच्या रक्तात साखरेचा बिघाड सुरू झालेला होता. अठराव्या वर्षी! याला अजून मधुमेह म्हणत नाहीत, पण त्या वाटेवरचा पहिला मैलाचा दगड तो हाच.

आयांनी काय खाल्ले, याचा हिशेब आमच्या कामाचा आहे. भाकरी-भात किती खाल्ला, यावर बाळाच्या आकारात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्यामुळे. ज्या बायकांच्या ताटात या वस्तू वारंवार होत्या, त्यांची बाळे मोठी होती. आणि कामाचे म्हणाल तर ज्यांच्यावर शेतातल्या आणि घरातल्या कष्टांचा भार जास्त, त्यांची बाळे वजनाने लहान, डोक्याचा घेर कमी, दंडाचा घेर कमी. पाचवा महिना असो की सातवा, हा फरक दिसलाच.

इथे मला राहवत नाही म्हणून लिहितो. पालेभाजी पिकवणारे आपण, दूध काढणारे आपण. मेथीच्या जुड्या बांधून पहाटेच्या टेम्पोत जातात आणि घरात कोरड्यास होते बेसनाचे. दूध डेअरीत जाते आणि बाई कोऱ्या चहाबरोबर शिळी भाकरी खाते. पैशाची ओढ मला कळते; दुधाच्या पगारावर किराणा चालतो हेही ठाऊक आहे. पण जनावराची पेंड आणताना आपण हात आखडत नाही, कारण तिची परतफेड पंधरवड्याच्या बिलात दिसते. सुनेच्या पेल्याची परतफेड दिसायला चाळीस वर्षे लागतात.

एका मेळाव्यात मी हे बोललो तेव्हा एक वयस्क काकू उठून म्हणाल्या, "साहेब, आम्ही नाही का नवव्या महिन्यापर्यंत राबलो? आमची पोरं काय मेली?" सभा हसली. त्यांचा थोरला मुलगा मागेच बसला होता, त्रेचाळीस वर्षांचा, अंगाने काडी, दोन वर्षांपासून साखरेच्या गोळ्यांवर. तोही हसला. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी तिथे गप्प बसलो. पण काकूंच्या प्रश्नाचे उत्तर ते आठशे बाळंतपणांचे टिपण आहे.

एक खुलासा हवा. याच अभ्यासात दोन-तृतीयांश आयांच्या रक्तात ब-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले. ज्यांच्यात ते कमी आणि फॉलिक आम्ल जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट लागू न पडण्याचा दोष सर्वांत जास्त होता, हे २००८ साली प्रसिद्ध झाले. हे ऐकून कोणी आरोग्य केंद्राच्या लोह-फॉलिकच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या घ्यायच्याच, रक्तक्षयाने आणि बाळाच्या मणक्याच्या दोषाने होणारे नुकसान फार मोठे आहे. ब-१२ मात्र कोणत्याही भाजीपाल्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळते. माळकरी घरात तर दूध-दह्यावाचून वाटच नाही. तिथे ताकाचा तांब्या बाईपर्यंत पोचतो की नाही हे बघा, आणि ब-१२ च्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट वेळेची. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांना रोज पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ देऊन एक मोठा प्रयोग झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा हिशेब एकत्र केला तर बाळांच्या वजनात फरक पडला नाही. पण दिवस राहण्याआधी तीन महिने ज्यांनी हा खाऊ खाल्ला, त्यांची बाळे सुमारे ४८ ग्रॅमने जास्त भरली. अगदी अशक्त बायकांत तेवढाही फायदा दिसला नाही. गरोदरपणातला मधुमेह मात्र शंभरी बारावरून सातावर आला. म्हणजे सातव्या महिन्यात डोहाळजेवण घालून भरून निघावे असे हे काम नाही. सुरुवात मुलगी शाळेत असल्यापासून हवी. तिचे ताट भावाच्या ताटाएवढे आहे का, इथून.

"मजूर मिळत नाहीत, मग काम कोण करणार?" हा प्रश्न मला दर गावात येतो आणि तो खरा आहे. सगळे काम थांबवा असे मी म्हणत नाही; हलके काम, चालणे-फिरणे डॉक्टरही सांगतात. पण पाण्याचे हंडे, चाऱ्याचे भारे आणि दिवसभर वाकून करायचे काम एवढी तीन दिवस राहिल्याचे कळताच दुसऱ्या कोणी उचलावीत. हंडा उचलायला पुरुषाच्या डोक्याला काही होत नाही. दोन-तीन घरांनी सावड धरली तर लावणी-खुरपणीही निघते. सावडीची रीत आपण विसरलो नाही.

आणि जे आज तिशीच्या पुढे आहेत, त्यांची इंद्रिये घडून गेली. त्यांनी अंगाने बारीक आहोत म्हणून निर्धास्त राहू नये. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. आशाताईंना विचारा आणि वर्षातून एकदा जाऊन या. ज्यांना आपले जन्माचे वजन माहीत नाही त्यांचा इलाज नाही, पण मुलांचे ते माता-बाल कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा.

थंडी पडू लागली आहे. न्हाणीच्या पाण्यावर दोन हात वाफा मेथी-पालकाचा आणि कडेला शेवग्याचे एक खोड, एवढे या आठवड्यात लावून घ्या. वाफ्यातली जुडी विकायची नाही, हे आधीच ठरवून टाका.

पुढील आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीविषयी.