झडती

मागल्या वर्षी अकरा दिवस मी कमरेला कट्टा लावून फिरलो.

हे एक वाक्य लिहायला सात महिने गेले. आता लिहितोय ते दोन तऱ्हेच्या लोकांसाठी. एक, आमचीच पोरं, जी मोबाईलपुढं पिस्तूल नाचवतात, मागं गाणं लावतात आणि स्वतःला वाघ म्हणवून घेतात. दुसरे, ते सभ्य शहाणे, जे आम्हाला येता-जाता अहिंसा शिकवतात आणि ज्यांच्या बंगल्याच्या फाटकावर बंदूकवाला रखवालदार खुर्ची टाकून बसलेला असतो. दोघांनाही हे आवडणार नाही. न आवडो.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. तुटलेला धागा सांधणं हे माझं काम. आठवीत शाळा सुटली. पुढचं सगळं शिक्षण पाळी सुटल्यावरचं. बाबासाहेबांचे खंड, वाचनालयातली फाटकी पुस्तकं, मोबाईलवर सापडेल ते. तेव्हा भाषा चुकली तर शुद्धलेखनवाल्यांनी खुशाल लाल शाई काढावी. आमच्या अंगातनं लाल बरंच निघालंय, त्यात थोडी भर.

गोष्ट वरातीपासून सुरू होते. गावाकडं चुलतभावाचं लग्न. वरात वेशीतून, देवळापुढनं नेली. बाजा होता, निळा झेंडा होता. एवढाच गुन्हा. काठ्या निघाल्या. माझ्या डोक्याला नऊ टाके, काकीचा हात मोडला. काठ्यांचं नवल नाही, त्या आमच्या बापानंही खाल्ल्यात. माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही तो एक माणूस. तो मारायला पुढं आलाच नाही. ओट्यावर उभा होता. त्यानं नुसता सदरा वर केला. कमरेला परवान्याचं रिव्हॉल्व्हर. सदरा खाली सोडला. बास. आमची सगळी माणसं चार पावलं मागं सरकली. मीपण सरकलो.

मग पोलीस आले. त्यांनी त्याला रामराम घातला. आणि आमच्या पोरांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं. झडती. नवरदेवाचीसुद्धा. हळदीच्या अंगाची. त्याच्या खिशात काय निघालं? सुपारी, रुमाल आणि आहेराची दोन पाकिटं. पाकिटं उघडून बघितली. ओट्यावरच्या माणसाचा सदरा कुणी वर केला नाही.

टाके घातल्यावर मी कायदा वाचला. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चा, त्याचे नियम 1995 चे. त्यातला नियम 3 आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? त्यात लिहिलंय की, जिथं अत्याचार होण्याची शक्यता आहे तो भाग सरकारनं आधीच हुडकून काढावा. तिथल्या बिगर दलित-आदिवासींचे शस्त्रपरवाने गरज वाटल्यास रद्द करावेत. एवढंच नव्हे, त्यांच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, घरोब्यातल्या लोकांचेही. ती हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यावीत. बेकायदा हत्यारं जप्त करावीत. आणि जीविताच्या, मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज वाटली तर दलित-आदिवासींना शस्त्रपरवाने द्यावेत.

वाचून मला रडू आलं. वाटलं, कुणीतरी आपली भीती कागदावर लिहून ठेवलीय. अर्ज केला. साहेबानं अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “कुणाला मारायचंय?”

ओट्यावरच्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारला असेल? त्यानं अर्जात ‘स्वसंरक्षण’ लिहिलं की ते स्वसंरक्षण होतं. मी तेच लिहिलं की तो कट होतो. नियमात ‘गरज वाटल्यास’ असा शब्द आहे. आमची सगळी लढाई त्या शब्दाच्या पोटात आहे. गरज वाटायची कुणाला? ज्याला कधी भीती वाटली नाही त्याला.

मग एका दोस्तानं कट्टा आणून दिला. फडक्यात गुंडाळलेला, गावठी. झाडला तर पुढच्याला लागेल की माझ्याच हातात फुटेल, याची हमी द्यायला कुणी नव्हतं. पकडला गेलो तर कमीत कमी दोन वर्षं, हे ठाऊक होतं. तरी लावला. ओट्यावरच्या माणसाचा तो सदरा मला रोज दिसत होता.

रीलवाल्या पोरांनो, आता तुम्ही ऐका. ती रीलमध्ये दिसत नाही अशी गोष्ट सांगतो.

नव्या माणसाला वाटतं, सगळं जग आपल्या कमरेकडंच बघतंय. चहाच्या गाड्यावर पोऱ्यानं ग्लास पुढं केला तरी माझा हात आधी सदऱ्याच्या टोकाला जायचा. मांडी घालून जेवता येईना, लोखंड पोटात रुतायचं. आईला वाटलं, डोक्याच्या माराचं काहीतरी पोटात उतरलंय. बसमध्ये गर्दी झाली की मी उतरून चालत जायचो. बहिणीची पोर पळत आली, कमरेला मिठी मारणार, तर मी तिला ढकललं. पोर भिंतीवर आपटली. तिला वाटलं, मामा रागावला. तिला काय सांगू?

आणि एक. आमच्या गल्लीत एक दारुडा आहे, रोज कुणाला तरी धक्का देतो. एरवी मी त्याला दोन शिव्या हासडतो, तो चार देतो, विषय संपतो. त्या दिवसांत त्यानं मला धक्का दिला आणि मी शिवी दिली नाही. गप उभा राहिलो. मनात मोजत होतो की ह्याच्यात आणि माझ्यात किती अंतर आहे. तो आमच्यातलाच, हातगाडीवाला, दोन पोरांचा बाप. कट्टा आणला कुणासाठी आणि अंतर मोजतोय कुणाचं! त्या रात्री मला कळलं, हत्यार कमरेला लावलं की आधी आपल्याच गल्लीची माणसं माणसं राहत नाहीत.

आठ दिवस मी सुट्टीवर होतो. नवव्या, दहाव्या दिवशी कट्टा घरी पेटीत ठेवून कामाला गेलो आणि परत आल्या आल्या कमरेला लावला. कारण आमच्या फाटकावर आत जाताना कोणी विचारत नाही, बाहेर येताना मात्र प्रत्येक कामगाराची झडती होते. सूत चोरतो म्हणे आम्ही. बारा वर्षं फ्रेमवर घालवलेला म्हातारा जॉबरसुद्धा हात वर करून उभा राहतो. मालकाची गाडी भोंगा वाजवत जाते. गाडीत किती सूत मावतं ते सांगायची गरज नाही.

दहाव्या रात्री फोन आला. “केस मागं घे. न्हाईतर गिरणीच्या वाटेवरच घावशील.” अकराव्या दिवशी कट्टा कमरेलाच घेऊन कामाला गेलो.

तीनला पाळी सुटली. ओळ लागली. फाटकावर तात्या. आमच्याच वस्तीतले, कंत्राटी वॉचमन, निवृत्तीचं वय उलटून गेलेले. माझी पाळी आली. मी हात वर केले. तात्यांचा हात बरगडीवरनं खाली आला आणि लोखंडावर थांबला.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. हात तसाच. मागं चाळीस माणसं, बाजूला केबिनमध्ये अधिकारी. मग हात पुढं सरकला, दुसऱ्या खिशावर गेला, आणि तात्या बोलले, “जा.”

रात्री ते घरी आले. उंबऱ्यावरच बसले, पाणी घेतलं नाही. म्हणाले, “पोरा, आज माझी सुनेची, नातवंडांची भाकरी तुझ्या कमरंला व्हती. माझ्या हाताला परत तसलं लागू देऊ नगंस.” आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कट्टा ज्याचा त्याला परत दिला.

शहाण्यांनो, टाळ्या वाजवू नका. मला अहिंसेचा साक्षात्कार झालेला नाही. मला कळलं ते वेगळंच. लपवून हत्यार बाळगायला हत्यार लागतं, हिंमत लागते, आणि सगळ्यात आधी जिची झडती होत नाही अशी कंबर लागते. ती जन्मावर मिळते. एरवी आमचा स्पर्श चालत नाही, पण झडतीला मात्र आमच्या सगळ्या अंगावर हात फिरवतात. तेव्हा विटाळ कुठं जातो?

मग वाटलं, आपण पँथर हे नाव जिथनं उचललं तिथं काय झालं ते बघावं. 1972 साली मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. म्हणून वाचत गेलो.

1857 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ड्रेड स्कॉटच्या खटल्यात ठरवलं की काळा माणूस नागरिक होऊ शकत नाही. सरन्यायाधीश टॅनीनं कारणं देताना हेही लिहिलं की, ह्यांना नागरिक मानलं तर जातील तिथं हत्यारं बाळगायचा हक्क त्यांना मिळेल. म्हणजे नागरिक कोण हा प्रश्न त्यांनी कमरेवरूनही सोडवला होता.

1956 साली मॉन्टगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बॉम्ब टाकला. घरात बायको आणि तान्ही पोर होती. किंगनं लपवून पिस्तूल बाळगायचा परवाना मागितला. नाकारला. ज्याचं नाव घेऊन आम्हाला अहिंसेची प्रवचनं देता, त्यानंही एकदा अर्ज केला होता, आणि त्याच्याही घरावर पडलेला बॉम्ब साहेबाला गरज म्हणून पुरला नाही.

1966 साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर निघाली. त्यांनी लपवलंच नाही. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यात भरलेली बंदूक उघड घेऊन फिरायला मुभा होती, तशी ते फिरले आणि पोलिसांवर नजर ठेवली. मे 1967 मध्ये बंदुका घेऊन थेट विधिमंडळात गेले. त्याच वर्षी मलफर्ड कायदा झाला, भरलेली बंदूक उघड नेण्यावर बंदी आली. सही केली गव्हर्नर रोनाल्ड रेगननं. गोऱ्याच्या खांद्यावर होती तोवर ती परंपरा होती. काळ्याच्या खांद्यावर आली आणि कायदा बदलला.

1968 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना वाजवी संशयावरून रस्त्यात थांबवून कपडे चाचपायची मोकळीक दिली. 2011 या एका वर्षात न्यूयॉर्कच्या पोलिसांनी पावणेसात लाखांहून जास्त वेळा माणसं थांबवली. त्यातले दहातले जवळजवळ नऊ काळे नाहीतर लॅटिनो. बहुतेकांवर कसलाच गुन्हा लागला नाही. 2013 ला न्यायालयानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. वाचलं आणि मला आमचं गिरणीचं फाटक दिसलं.

2022 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा जुना कायदा मोडला आणि घराबाहेर पिस्तूल बाळगणं हा हक्क ठरवला. आज निम्म्याहून जास्त राज्यांत लपवून न्यायला परवानासुद्धा लागत नाही. कागदावर सगळ्यांना सारखा हक्क. आणि कागदाबाहेर? 2016 साली मिनेसोटात फिलँडो कॅस्टील नावाच्या काळ्या माणसाची गाडी पोलिसानं अडवली. शाळेच्या खानावळीत काम करणारा माणूस. परवाना होता. त्यानं स्वतःहून सांगितलं, साहेब, माझ्याजवळ पिस्तूल आहे. काही सेकंदांत पोलिसानं त्याला गोळ्या घातल्या. गाडीत मागं लहान पोर होती. 2017 ला तो पोलीस निर्दोष सुटला.

म्हणून पोरांनो, परवाना मिळाला की झालं, असंही समजू नका. गोऱ्याच्या कमरेला तेच लोखंड हक्क असतं आणि काळ्याच्या कमरेला पुरावा. ओट्यावरच्या माणसाचं आणि माझं तसंच आहे. आणि तुम्ही तर रील टाकून तो पुरावा स्वतःच्या हातानं ठाण्यात नेऊन देताय.

आम्हाला बंदूक नवीन नाही हो. कोरेगावला 1818 मध्ये आमच्या हातात होती. इंग्रजांचं काम झालं आणि त्या शतकाच्या अखेरीला महारांची भरती बंद केली. महायुद्धात परत गरज पडली, 1941 ला महार रेजिमेंट उभी राहिली. आजही सीमेवर आमच्या हातातली बंदूक चालते. वेशीत मात्र नवरदेवाच्या खिशातली सुपारी तपासली जाते.

मग मी काय मागतोय? बंदूक मागत नाही. तात्यांच्या हातानं मला ती कायमची जड केलीय. मी नियम 3 मागतोय, आणि तो वरनं खाली, त्याच क्रमानं. त्यात आम्हाला परवाने देणं नंतर लिहिलंय. आधी लिहिलंय त्यांचे परवाने काढून घेणं. 2006 साली खैरलांजी झालं. त्यानंतर किती गावांची नावं आपण पाठ केली, मोर्चे काढले, मेणबत्त्या लावल्या. आता प्रत्येक तालुक्यात अर्ज टाका. अत्याचारप्रवण गावं कोणती ठरवलीत, त्या गावांत परवाने कुणाकुणाकडं आहेत, आजवर किती रद्द केले, किती हत्यारं जमा करून घेतली, हे माहिती अधिकारात लेखी मागा. मी मागितलंय. उत्तर आलं नाही, अपील केलंय. वीस रुपयांचा स्टॅम्प कट्ट्यापेक्षा स्वस्त आहे आणि तो खिशात सापडला तर कुणी दोन वर्षं आत टाकत नाही.

केस मी मागं घेतलेली नाही. त्याच वाटेनं गिरणीला जातो. भीती वाटते. रोज तीनला हात वर करतो, तात्यांचा हात अंगावरनं फिरतो, आम्ही दोघंही एकमेकांकडं बघत नाही.

साहेब, माझी झडती दररोज होतेय. तुम्हाला गरज वाटेल तेव्हा गावात या. तो माणूस अजून त्याच ओट्यावर बसतो. आता त्याचा सदरा वर करा.